डाव्या डोळ्याचा कॅमेरा

पहिला कॅमेरा नवऱ्यानं आणला तो झूम बघून. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की ह्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात. दिसलेही. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात सासूबाई खुर्चीवर बसल्या, छोट्या पडद्यावर चंद्र बघितला आणि म्हणाल्या, "देवी आलेल्या माणसाच्या तोंडावानी दिसते."

पण मला चंद्र नको होता, तारे हवे होते. त्या कॅमेऱ्यानं तारे काढले की काळ्या कापडावर कुणी रंगीत रवा सांडल्यासारखं दिसायचं. त्यात तारा कुठला आणि रवा कुठला ते कळत नसे. मी एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. प्रकाश कमी पडला की चित्र दाणेदार होतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे गोम कुठं आहे ते मला लवकर कळलं. ह्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, नखाएवढा होता. लांबचं दाखवणं वेगळं आणि अंधारातलं दाखवणं वेगळं. अंधारासाठी सेन्सर मोठा लागतो आणि लेन्सचं तोंड उघडं लागतं, झूम नसला तरी चालतो.

ह्यावरून आमचं पुष्कळ भांडण झालं. नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर. त्याला वस्तू नवी, डब्यातली, वॉरंटीची हवी. मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडचा जुना, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हेरून ठेवला होता.

"दुसऱ्याचा वापरलेला कावून घेवाचा?" तो म्हणाला.

"नवा लहान घेण्यापरीस जुना मोठा बरा. तुमाले मशीनचं समजते, मग हे कावून नाही समजत?"

शेवटी जुना आला. वर एक स्वस्त, रुंद लेन्स घेतली आणि एक तिपाई. तिपाई जड, लोखंडाची होती. हलकी घेतली तर वाऱ्यानं हलेल, म्हणून मीच जड निवडली.

भिलाईत घरून तारे काढायचे म्हणजे कठीण. प्लांटमधला वितळलेला मळ ओतला की उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आकाश तांबडं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. त्यामुळे आम्ही स्कूटर काढून मरोदा गावाच्या पुढं जायचो. प्लांटचा उजेड पाठीशी टाकायचा आणि समोर नैऋत्येकडं कॅमेरा लावायचा.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. नुकता अंधार पडला होता. लवकरचा धान कापून झालेल्या एका शेताच्या बांधावर आम्ही उभे होतो. डास फार होते म्हणून मी ओढणी तोंडाभोवती बांधली होती आणि कपाळावर लाल दिवा लावला होता. पांढऱ्या दिव्यानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, लाल दिव्यानं मोडत नाही. शेतापलीकडच्या गावातून आमच्याकडं बघणाऱ्याला काय दिसत असेल, ह्याचा आम्ही विचार केला नव्हता. त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता. तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता. मी तो पुढं पाठवला नव्हता, पण खोटा आहे असंही कुणाला सांगितलं नव्हतं.

टॉर्च घेऊन माणसं आली. आधी थोडी, मग मागून आणखी.

"कोन अव तुमन? इहाँ का करत हव?"

नवऱ्यानं हसून उत्तर दिलं, "तारा के फोटू खींचत हन, भइया."

"तारा के? आधा अँधियार में?"

एकानं आमची बॅग उपडी केली. तिपाईला वजन बांधायची दोरी, पडदा झाकायचं काळं कापड आणि येताना घेतलेली चॉकलेटं खाली पडली. चॉकलेटांवर टॉर्च थांबली. मग कुणीतरी ओरडलं, "लइका चोर आय!" पोरं चोरणारे आहेत.

त्यानंतर बोलणं असं झालंच नाही. नवऱ्याच्या कानाखाली बसली. तो "प्लांट में काम करथँव, कार्ड देखव" म्हणत खिशात हात घालत होता. खिशात हात घातला म्हणूनच बहुतेक पुढची काठी पडली. तो गुडघ्यांवर आला आणि मग पायांच्या गर्दीत दिसेनासा झाला. मला फक्त आवाज ऐकू येत होता, ओल्या पोत्यावर पाय मारल्यासारखा. माझी ओढणी कुणीतरी मागून ओढली. ती गळ्याला आवळली म्हणून मी दोन्ही हात गळ्याशी नेले आणि तोंड उघडं पडलं.

माझ्यासमोर एका माणसानं तिपाई उचलली. कॅमेरा तिच्यावरच होता. त्यानं ती बारीक बाजूनं, पायांच्या टोकाशी धरली आणि जड बाजू माझ्याकडं फिरवली. कॅमेरा आधी माझ्या खांद्यावर आपटून फुटला. पुढचा फटका डोळ्यावर बसला. दुखलं नाही. उजव्या बाजूला कुणी दार लावून घ्यावं तसं झालं. मग बांधावरची माती तोंडात आली. एक बाई आमच्यावर थुंकत होती आणि रडतही होती. तिला खरंच वाटत होतं की आम्ही तिचं पोर न्यायला आलोय.

आम्ही वाचलो ते एका ट्रॅक्टरमुळं. धानाच्या पेंढ्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक माणूस वाटेनं चालला होता. त्यानं काही विचारलं नाही. हॉर्न दाबून ठेवला आणि ट्रॅक्टर सरळ गर्दीत घातला. माणसं बाजूला उडाली, एकाच्या पायावरून बहुतेक चाकही गेलं. त्यानं नवऱ्याला काखेतून उचलून पेंढ्यांवर टाकलं आणि मला हात दिला. कुणी ट्रॉलीवर चढू लागलं की तो पान्हा दाखवायचा. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो पहिल्यांदा बोलला, "मोर नाव झन लेहू." माझं नाव घेऊ नका. त्याचं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं. आजही नाही.

मला माझ्याच दवाखान्यात नेलं. माझ्या जागी ड्युटीवर असलेली पोर नवी होती; हनुवटी कशी टेकवायची आणि ट्यूब किती वाकवायची, हे मीच तिला सांगत होते. चित्र पडद्यावर आलं तेव्हा मी एका डोळ्यानं ते वाचलं. डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला होता. हाडाचं मला समजलं, पुढचं रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळा जागेवर राहील, पण त्यातून प्रकाश आत जाणार नाही.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात चांगले गेले नाहीत. नवऱ्याच्या बरगड्या बऱ्या झाल्या, पण तो बरा झाला नाही. अंगणात बसून तो लोखंडाच्या एका सळईला मूठ बसवत राहायचा. जाता-येता कुणी जोरात हॉर्न वाजवला तर स्कूटर थांबवून त्याच्या गळ्याशी जायचा. मीही काही कमी नव्हते. पाणी ओतायला जावं तर ते पेल्याच्या बाहेर पडायचं, कारण एका डोळ्यानं अंतर कळत नाही. मग तो पेला मी भिंतीवर मारायची. ताटं, कप, एकदा तर कढईच फेकली. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या.

"फोड पोरी, सारं फोड," त्या एकदा म्हणाल्या. "माह्या लग्नातला तांब्या तेवढा सोड."

पोलिसांनी काही माणसं पकडली आणि ती जामिनावर सुटलीही. मग एका रविवारी त्या गावचे एक निवृत्त गुरुजी घरी आले. सोबत एक म्हातारी होती. ती आत न येता पायरीवरच बसली. माझ्यावर तिपाई चालवणाऱ्याची ती आई होती.

गुरुजी हिंदीत बोलले. जे झालं ते वाईट झालं, गावाला लाज वाटते. पण मुलगा लग्नाचा आहे, गवंडीकाम करतो, आतच गेला तर घर बसेल. "मैडम, डोळा तर आम्ही देऊ शकत नाही," अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते थांबले. मग म्हणाले, "कैमरा दे सकते हैं. आप जो बताएँगी, सबसे बड़ा, गाँव मिलके दिला देगा. केस वापस ले लीजिए."

नवरा उठला. "निघा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, "दुकानात येईन. पण तो माणूस बी आला पायजे."

ते गेल्यावर नवरा माझ्यावरच उखडला. "तुले त्याइच्या हातचा कॅमेरा पायजे? लाज नाही वाटत?"

"कॅमेरा कोणाले पायजे? मले तो माणूस पाहाचा आहे. उजेडात."

त्यानं सळईची मूठ भिंतीवर आपटली आणि मग म्हणाला, "मी बी येतो."

दुकान मार्केटमध्ये होतं. दुपारची वेळ होती, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता. तो माणूस आधीच येऊन उभा होता. तिशीचा, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला धुतलेला शर्ट. हात मागं बांधलेले. मी त्याच्याकडं टक लावून बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या कुठल्याही माणसासारखा तो होता.

दुकानदाराला काही माहीत नव्हतं. गुरुजींनी सबसे बड़ा म्हटल्यावर त्यानं जड, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा काढला. तो हातात आला आणि एक क्षण मी खरंच सगळं विसरले. लेन्सची टोपी न काढताच, पूर्ण अंधाराचा, बराच वेळ चालणारा एक फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून बघितला. काळं काळंच होतं. रवा नव्हता. हाच मला पहिल्यापासून हवा होता. मग सवयीनं मी तो डोळ्याला लावला, उजव्या. तिथं काहीच नव्हतं. डाव्या डोळ्याला लावला तर नाक मागच्या पडद्यावर चेपलं, अंगठ्याला बटणं सापडेनात.

"राइट आय से देखिए मैडम, ये उसी के लिए बना है," दुकानदार म्हणाला.

गवंड्यानं मान खाली घातली. दुकानदार आपल्याच नादात होता. "तिपाई भी लगेगी ना?" म्हणत त्यानं भिंतीवरून एक मोठी तिपाई काढली आणि जवळ उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातात दिली, "भैया, ज़रा पकड़ना." त्यानं ती धरली. बारीक बाजूनं, पायांच्या टोकाशी.

नवऱ्यानं ते बघितलं. मी नवऱ्याला बघितलं. तिपाई त्याच्या हातात कधी आली ते मला कळलंच नाही. पहिला फटका गवंड्याच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखता येतो, एक्स-रेच्या टेबलावर पडलेली माणसं कण्हत कण्हत रोज मला त्याचंच वर्णन करतात. दुसरा फटका तोंडावर. तो माणूस काचेच्या शोकेसवर पडला आणि काच त्याच्यासकट खाली आली. गुरुजी मध्ये पडले तर त्यांच्या कानावर बसला. खाली पडलेल्या त्या माणसानं तोवर हात उचलला नव्हता. पण नवरा छातीवर बसल्यावर त्यानं त्याच्या हाताचा असा चावा घेतला की मांस बाहेर आलं. दोघंही काचेत लोळत होते. मी कॅमेरा छातीशी धरून उभी होते. मला आनंद झाला होता. तो किती वेळ टिकला सांगता येत नाही, पण रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं तेव्हा तो संपला. मग मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि नवऱ्याला केसांना धरून मागं ओढलं.

आता त्यांचीही केस झाली. नवऱ्याला ठाण्यात ठेवलं, नोकरीवर नोटीस आली. गवंड्याचा उजवा हात वाकडा जुळला. त्याची आई ठाण्याच्या फाटकात मला शिव्या देत होती, "मोर बेटा के हाथ खा डारे!" मी तिला म्हटलं, "माझा डोळा?" ती म्हणाली, "तोर दू ठन रहिस." तुला दोन होते.

शेवटी दोन्हीकडचे वकील एका बाकावर बसले आणि मिटवून मोकळे झाले. गवंड्यानं आणि गुरुजींनी कोर्टात सांगितलं, दुकानात धक्काबुक्कीत काच फुटली. मी सांगितलं, अंधार होता, चेहरे ओळखू आले नाहीत.

तिसरा कॅमेरा मी माझा मी घेतला. पावसाळा उलटून गेला होता. ह्या वेळी नवरा आला नाही, सासूबाई आल्या. रायपूरच्या दुकानात त्या खुर्ची ओढून काउंटरशीच बसल्या आणि पुढं ठेवलेला प्रत्येक कॅमेरा भाजीसारखा हातात तोलून बघत राहिल्या.

"हे कायचं पाहून राहिल्या, आई?"

"वजन. हलका घे. घेऊन पयता आलं पायजे."

मी हसले, मग हसणं थांबलं. पळावं लागू शकतं, हे त्या खरं बोलत होत्या.

मला काय हवं ते ह्या वेळी पुस्तकांतून नाही, अंगावरून माहीत होतं. डोळ्याला लावायची काच असली काय, नसली काय, मला सारखंच. पडदा मात्र बिजागरीवर बाजूला उघडणारा हवा, म्हणजे नाक मध्ये येणार नाही. एखादा तारा त्या पडद्यावर दहापट मोठा करून फोकस साधता यायला हवा. पडद्याचा उजेड अगदी मंद करता यायला हवा, कारण मला आता अंधाराला सरावणारा एकच डोळा आहे. लेन्स बदलायची नाही. कॅमेऱ्यावरची खूण आणि लेन्सवरची खूण जुळवताना माझा हात अजूनही हवेत चुकतो. म्हणून एकच लेन्स, रुंद, मोठ्या तोंडाची, आणि तिची फोकसची कडी अनंताशी टक्क करून थांबणारी, बोटांना न बघता कळेल अशी. सगळ्यात मोठा सेन्सर ह्या हिशेबात बसेना. मधल्या आकाराचा, बिनआरशाचा एक कॅमेरा बसला. मुठीत मावत होता. टोपी लावून फोटो काढला. थोडा रवा होता. चालेल म्हटलं.

सासूबाईंनी तो हातात घेतला, उठून दुकानात दारापर्यंत चालून आल्या आणि म्हणाल्या, "हा ठीक आहे."

तो पहिल्यांदा बाहेर काढला ते थंडीत, दल्ली राजहराच्या बाजूला एका गावात. माझ्यासोबत काम करणाऱ्या नर्सचं तिथं माहेर होतं. तिनं आधीच अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. घराला चारी बाजूंनी भिंत, मोठं अंगण. भाड्याची गाडी नवऱ्यानं चालवली. जेवणाआधीच, तिन्हीसांज सरली तशी मी तिपाई मांडली. मृग पूर्वेला वर येत होता, त्याच्या वरती रोहिणी, त्याहून वर कृत्तिकांचा पुंजका. नवरा माझ्याकडं पाठ करून फाटकाकडं तोंड करून उभा राहिला. मी सांगितलं नव्हतं.

एक फोटो काढून झाल्यावर पडद्यावर रोहिणीचा ठिपका परत मोठा करून मी कडी फिरवत होते. फाटक वाजलं. नर्सचा भाऊ शेतावरून परत आला होता, हातात टॉर्च. त्यानं ती सहज आमच्यावर मारली. एवढंच. नवऱ्यानं त्याला भिंतीशी दाबलं तेव्हा टॉर्च अजून पेटलेलीच होती, खाली पडून गोल फिरत होती. दोन्ही अंगठे त्याच्या नरड्यावर होते. तो सोडवायलाही हात वर करत नव्हता, इतका गोंधळला होता. मी ओरडले, नर्स ओरडली. मी नवऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिले. मग त्यानं सोडलं आणि आपल्या हातांकडं बघत मागं सरकला.

भावानं तक्रार केली नाही. खोकत बसला. नर्सच्या आईनं त्याला हळद घालून दूध दिलं, मग आम्हाला सगळ्यांना ताटं वाढली. ती माणसं आम्हाला हाकलत नव्हती, हेच सोसवत नव्हतं. त्याच्या गळ्यावर लाल पट्टे उमटले होते. घास गिळताना तो दर वेळी मान तिरपी करायचा. नवऱ्यानं एक भाकरीसुद्धा संपवली नाही.

परतताना गावाची हद्द संपल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

"मले दाखवाचं आहे कोनाले तरी," तो म्हणाला. "डोकं थांबते, हात थांबत नाही."

"उद्या विचारते दवाखान्यात. मानसिकच्या डॉक्टर बुधवारी येतात."

"तू बी येजो."

"येईन. मले बी जावाचंच आहे."

त्यानं गाडी सुरू केली. माझ्या मांडीवर कॅमेरा होता. भाऊ आत येण्याच्या आधी एकच फोटो नीट निघाला होता. मी पडदा बाजूला उघडून उजेड मंद केला आणि तो कोपऱ्याकोपऱ्यानं मोठा करून बघितला. वाईट लेन्सवर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. इथं ते कडेपर्यंत गोल होते. लेन्स बरोबर निवडली होती.